परदेशी सून गावी येते तेव्हा : पर्यटक व्हिसा ते सी फॉर्म

लग्न झाले, फोटो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरून झाले, आणि आता सुनेला गाव दाखवायचे आहे. पण तिचा पासपोर्ट परदेशी आहे आणि घर आहे विदर्भातल्या एखाद्या खेड्यात. हा लेख अशाच कुटुंबांसाठी लिहिला आहे. जावई परदेशी असला तरी पायऱ्या याच आहेत. माझी पत्नी जर्मन नागरिक असून ती हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी आजवर चार वेळा पर्यटक व्हिसावर आली आहे. पहिल्या खेपेला आमचा समज असा होता की व्हिसा मिळाला म्हणजे काम संपले. प्रत्यक्षात अर्ज तिने भरला तो एका संध्याकाळी, आणि खरी धावपळ झाली ती घरच्यांची, ती गावात पोहोचल्यानंतर.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. भारतीयाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला पर्यटक व्हिसा नाकारतात, म्हणून अर्जात ‘अविवाहित’ असे लिहावे, हा सल्ला मला तालुक्याच्या ठिकाणी एका गृहस्थांनी मोठ्या आत्मविश्वासाने दिला होता. तो साफ चुकीचा आहे. नातेवाइकांना भेटणे हा पर्यटक व्हिसाचा मान्य हेतू असून अर्जात त्यासाठी स्वतंत्र पर्याय दिलेला आहे. अर्जदार विवाहित असल्यास जोडीदाराचे नाव, राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थान विचारणारे रकानेही त्यात आहेत, आणि ते जसे आहे तसे भरायचे असतात. आज लपवलेली गोष्ट उद्या दीर्घ मुक्कामाचा एंट्री व्हिसा किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड यांसाठी अर्ज करताना आपल्याच दुसऱ्या कागदाने उघडी पडते.

कोणता व्हिसा घ्यावा

बहुतेक देशांच्या नागरिकांना दूतावासात न जाता इंटरनेटवरून ई-टुरिस्ट व्हिसा मिळतो. त्याचे तीन प्रकार आहेत : ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा. ३० दिवसांच्या व्हिसावर दोनदा प्रवेश करता येतो आणि त्याचे दिवस भारतात उतरल्यापासून मोजले जातात. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसावर कितीही वेळा ये-जा करता येते, मात्र त्याची मुदत मंजुरीच्या तारखेपासूनच चालू होते, प्रवास केव्हाही करा. येथे ‘पाच वर्षांचा’ या शब्दांनी अनेकांची फसगत होते. पाच वर्षे ही व्हिसाची मुदत आहे, मुक्कामाची नव्हे. जर्मनीसारख्या बहुतेक देशांच्या नागरिकांना एका खेपेत सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपान यांच्या नागरिकांना ही मर्यादा १८० दिवसांची आहे. मंजुरीच्या कागदावर मुक्कामाची अट छापलेली असते आणि शेवटी तीच प्रमाण मानावी.

शुल्क देशानुसार बदलते. पुष्कळ देशांसाठी ३० दिवसांच्या व्हिसाला एप्रिल ते जून या काळात १० डॉलर आणि उरलेल्या नऊ महिन्यांत २५ डॉलर, एका वर्षासाठी ४० डॉलर आणि पाच वर्षांसाठी ८० डॉलर असा दर आहे, त्यावर बँकेचा थोडा आकार वेगळा. एप्रिल ते जून दर का उतरतो, हे चंद्रपूर-नागपूरकडच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पण स्वस्त पडते म्हणून सुनेची पहिली भेट मे महिन्यात ठरवू नये, एवढे मी कळकळीने सांगेन. पोळ्याच्या सुमारास किंवा दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत बोलवावे. एकदा भरलेले शुल्क अर्ज नामंजूर झाला तरी परत मिळत नाही, हेही आधीच माहीत असावे.

ज्या कुटुंबात वारंवार येणे-जाणे होणार आहे, त्यांनी सरळ पाच वर्षांचा घ्यावा, असे माझे मत आहे. पाकिस्तानी पासपोर्ट असलेल्या किंवा मूळ पाकिस्तानी असलेल्या व्यक्तीला मात्र ई-व्हिसा मिळत नाही. तिला भारतीय दूतावासामार्फत कागदी अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळही बराच लागतो.

अर्ज भरताना

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. त्याचा पत्ता म्हणजे ‘इंडियनव्हिसाऑनलाइन’ हे शब्द सलग आणि त्यापुढे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’. शोध घेतल्यावर हुबेहूब दिसणारी अनेक खासगी संकेतस्थळे वर येतात आणि त्याच अर्जाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, म्हणून शेवटचे ‘जीओव्ही डॉट इन’ पाहिल्याशिवाय पासपोर्टचा क्रमांक कोठेही टाकू नये. ३० दिवसांच्या व्हिसासाठी प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत अर्ज करता येतो, एक आणि पाच वर्षांच्या व्हिसासाठी १२० दिवस आधीपासून. दोन्हींसाठी किमान चार दिवसांचे अंतर लागते. मंजुरी अनेकदा तीन दिवसांत येते, तरीही विमानाचे तिकीट हातात असताना शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणे म्हणजे विनाकारण जिवाला घोर लावून घेणे आहे.

पासपोर्ट भारतात पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि चौकोनी लागतो. पत्नीने पलंगावरची पांढरी चादर दारावर टांगून मोबाइलने काढलेला फोटो पहिल्याच प्रयत्नात स्वीकारला गेला. पासपोर्टचे माहितीचे पान मात्र पीडीएफ स्वरूपात आणि ३०० केबीच्या आत बसवावे लागते, आणि ते लहान करताना अक्षरे फिसकटली तर अर्ज अडकतो.

आता नावाकडे आणि क्रमांकाकडे थोडे बारकाईने पाहू, कारण सर्वांत महाग पडणाऱ्या चुका तेथेच होतात. पत्नीच्या आडनावात यू या अक्षरावर दोन टिंबे आहेत. अर्जाचा रकाना तसे अक्षर घेत नाही. अशा वेळी टिंबे गाळून नुसता यू लिहायचा नसतो. पासपोर्टच्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचण्यासाठी बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी छापलेल्या असतात, त्यांत ते आडनाव यू आणि ई अशी दोन अक्षरे वापरून लिहिलेले असते, आणि अर्जातही तसेच लिहावे. क्रमांकाची गंमत आणखी वेगळी आहे. जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात इंग्रजी ओ हे अक्षर वापरतच नाहीत, त्यामुळे तेथे जे गोल दिसते ते नेहमी शून्य असते. मी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून क्रमांक ऐकून टिपून घेतला तेव्हा एका शून्याचा ओ केला होता, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी तिनेच पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर तपासले म्हणून तो वाचला. चुकीच्या क्रमांकावर मंजूर झालेला व्हिसा विमानतळावर निरुपयोगी ठरतो आणि नवा अर्ज, नवे शुल्क भरावे लागते. म्हणून अर्ज ज्याचा त्यानेच भरावा आणि आपण भारतातील माहिती पुरवावी, हे उत्तम.

ती भारतातील माहिती म्हणजे संदर्भ व्यक्तीचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक. आपल्याकडे ‘मु. पो., ता., जि.’ एवढ्यावर पत्र बरोबर पोहोचते, पण येथे घर क्रमांक आणि पिन कोडही द्यावा. घर क्रमांक पाठ नसेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर तो सापडतो. गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर जसे आहे तसेच सगळीकडे ठेवावे, कारण हाच पत्ता पुढे सी फॉर्ममध्ये, म्हणजे परदेशी पाहुणा मुक्कामाला आल्याचे शासनाला कळवणाऱ्या फॉर्ममध्ये, पुन्हा लिहायचा आहे. याशिवाय आई-वडिलांची नावे व जन्मस्थाने, धर्म, शिक्षण, शरीरावरची ओळखखूण, मागील दहा वर्षांत भेट दिलेले देश, मागील तीन वर्षांत सार्क देशांत झालेला प्रवास, सैन्यात किंवा पोलिसांत नोकरी केली आहे काय, असे प्रश्न येतात. युरोपातील माणसाला धर्म आणि वडिलांचे जन्मगाव विचारलेले पाहून आश्चर्य वाटते, काहींना रागही येतो. हे प्रश्न सर्वांना सारखेच असतात, एवढे आधी सांगून ठेवावे.

अर्ज भरताना सुरुवातीलाच एक तात्पुरता अर्ज क्रमांक दिसतो, तो वहीत लिहून घ्यावा. नेट गेले किंवा पान बंद पडले तर त्यावरून पुढे चालू ठेवता येते. पैसे भरल्यावर पावती दिसली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये, काही तास थांबून स्थिती पाहावी. मंजुरी ई-मेलने येते, पण प्रवासापूर्वी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती ‘ग्रँटेड’ अशी दिसत असल्याची खात्री करावी आणि त्या कागदाची छापील प्रत प्रवासात जवळ ठेवावी.

विमानतळ

ई-व्हिसावर ठरलेल्या विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ त्या यादीत आहे, मुंबई, पुणे आणि हैदराबादही आहेत. इमिग्रेशन होते ते भारतात जेथे प्रथम उतरतो तेथे. मुंबईला उतरून पुढे नागपूरचे देशांतर्गत विमान किंवा रेल्वे घेतली तर सर्व तपासणी मुंबईलाच आटोपते. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना ई-अरायव्हल कार्ड भरावे लागते. ते उतरण्यापूर्वीच्या ७२ तासांत इंटरनेटवर विनामूल्य भरता येते. खिडकीवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन पासपोर्टवर शिक्का मारतात. त्या शिक्क्याची तारीख तेथेच वाचून घ्यावी, कारण मुक्कामाचे दिवस तिच्यापासून मोजायचे आहेत.

एक गोष्ट वर्धा आणि गडचिरोलीच्या मंडळींसाठी. विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून सासऱ्यांसाठी वाइनची बाटली घेणे ही तिकडची सर्वसाधारण रीत आहे, आणि सीमाशुल्काच्या नियमानुसार दोन लिटरपर्यंत मद्य आणताही येते. पण हे दोन्ही जिल्हे दारूबंदीचे आहेत. तेव्हा भेट म्हणून चॉकलेट आणायला सांगावे.

घरी पोहोचल्यावर : सी फॉर्म

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि याचीच माहिती सर्वांत कमी लोकांना असते. परदेशी व्यक्ती मुक्कामाला आली की चोवीस तासांच्या आत तिची माहिती सी फॉर्ममध्ये भरून शासनाला कळवणे घरमालकावर बंधनकारक आहे. हा नियम फक्त हॉटेल आणि लॉजला लागू आहे, असे समजले जाते. तो धर्मशाळेला, आश्रमाला आणि खासगी घरालाही लागू आहे, आणि आलेली व्यक्ती घरची सून आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारच्या बाया अंगणात जमल्या, आणि सी फॉर्म हा शब्द आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही नव्हता. सकाळी पोलीस पाटील काका चहाला आले. त्यांनी सुनेची विचारपूस केली, बशीत ओतलेला चहा संपवला, आणि कप खाली ठेवता ठेवता मला म्हणाले, “काऊन बापू, तो सी फारम भरला का नाई?” सेवाग्रामला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांमुळे वर्धा जिल्ह्यात हा शब्द अनेकांच्या कानावरून गेलेला आहे, माझ्याच गेलेला नव्हता. त्या दिवशी गावात वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. मी हिंगणघाटला जाऊन नोंदणी करू लागलो, तर ओटीपी आला वडिलांच्या मोबाइलवर आणि मोबाइल घरी. फॉर्म गेला तेव्हा चोवीस तासांवर चार तास झाले होते. दुसऱ्या दिवशी उशिराचे कारण लिहिलेला अर्ज घेऊन मी स्वतः जिल्ह्याला गेलो, तो स्वीकारला गेला आणि प्रकरण तेवढ्यावर मिटले. पण चूक पूर्णपणे माझी होती आणि ती टाळता येण्यासारखी होती.

टाळायची कशी, ते सांगतो. सी फॉर्म परदेशी नागरिक नोंदणीच्या ‘इंडियनएफआरआरओ डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर भरतात. त्यात दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम घराची नोंदणी करून वापरकर्ता क्रमांक आणि पासवर्ड मिळवणे, आणि दुसरे प्रत्यक्ष पाहुण्याचा फॉर्म भरणे. पहिले काम सून येण्याच्या आठ-दहा दिवस आधीच उरकावे. त्यात घरमालकाचे नाव, पत्ता, मोबाइल, ई-मेल आणि आपले नोंदणी कार्यालय निवडावे लागते. जिल्ह्यांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणून जिल्हा पोलीस अधीक्षक काम पाहतात, तेव्हा आपापला जिल्हा निवडावा. घर ज्याच्या नावावर आहे, त्याचाच मोबाइल द्यावा आणि तो मोबाइल त्या दिवशी जवळ ठेवावा, हे वेगळे सांगायला नको. पत्त्याचा पुरावा म्हणून नमुना आठचा उतारा आणि वीजबिल हाताशी ठेवावे.

पाहुण्याच्या फॉर्ममध्ये पासपोर्ट व व्हिसाचा क्रमांक, दोन्ही कोठे व केव्हा दिले गेले ते ठिकाण व तारखा, भारतात आल्याची तारीख, आपल्या घरी आल्याची तारीख व वेळ, मुक्काम किती दिवसांचा, येथून पुढे कोठे जाणार आणि भेटीचा हेतू, ही माहिती फोटोसह द्यायची असते. गावात नेटचा भरवसा नसेल तर पासपोर्ट, शिक्का मारलेले पान आणि व्हिसा यांचे फोटो नागपूरहून निघतानाच मोबाइलमध्ये काढून ठेवावेत आणि रस्त्यात रेंज असेल तेथे फॉर्मची तयारी करावी. फॉर्म गेल्यावर त्याची प्रत छापून ठेवावी. मी एक प्रत आपणहून ठाण्यात आणि एक पोलीस पाटलांकडे देतो, तशी सक्ती नाही, पण मग गावात कोणी काही विचारले तर उत्तर त्यांच्याकडे तयार असते.

सून चार दिवस यवतमाळला मावशीकडे मुक्कामाला गेली तर मावशीच्या घरून नवा सी फॉर्म जायला हवा. ताडोबाला किंवा लोणारला हॉटेलात राहिलात तर ते काम हॉटेलवाले करतात आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट व व्हिसा मागतात, म्हणून प्रवासात दोन्ही बरोबर न्यावेत. दिवसभर जाऊन रात्री घरी परतत असाल तर काही भरावे लागत नाही.

मुक्कामात काय चालते, काय नाही

पर्यटक व्हिसावर नोकरी, व्यवसाय किंवा मानधनाचे काम करता येत नाही. खेड्यात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी मोठ्या प्रेमाने म्हणतात की वहिनींनी रोज तासभर इंग्रजी शिकवावे. एखाद्या दिवशी शाळेत जाऊन मुलांशी गप्पा मारल्या तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, पण वेळापत्रकात नाव लागले की तो मुक्काम पर्यटनाचा राहत नाही. धर्मप्रचार आणि राजकीय प्रचार यांपासूनही दूर राहावे. निवडणुकीच्या दिवसांत परदेशी सून व्यासपीठावर बसवण्याची हौस अनेकांना असते. सुनेच्या नावे शेत घेण्याचा विचारही करू नये, कारण परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही.

ई-टुरिस्ट व्हिसाची मुदत वाढवून मिळत नाही, असेच समजून तारखा ठरवाव्यात. आमच्या घरी आई पहिल्याच दिवशी कालनिर्णयावर ऐंशीव्या दिवसाभोवती लाल गोल काढते, परतीचे तिकीट त्या गोलाच्या अलीकडचे असते, आणि उरलेले दहा दिवस विमान रद्द होणे किंवा आजारपण यांसाठी राखून ठेवलेले असतात. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दंड भरून देश सोडण्याची परवानगी घ्यावी लागते आणि पुढच्या व्हिसाला अडथळा येतो. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ लागू झाला आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी कोणाचे तरी कसे निभावले, या गोष्टींवर विसंबू नये.

लग्नच येथे करायचे असेल, किंवा येथे राहायचे असेल

दोघांचे धर्म वेगळे असतील आणि कोणीही धर्म बदलणार नसेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग आहे. त्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. ही अट गावचा मुलगा किंवा मुलगी पूर्ण करते. त्यानंतर दोघांच्या सहीची नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे लागून ३० दिवस जावे लागतात, आणि मग तीन साक्षीदारांसमक्ष, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, विवाह होतो. ही बेरीज केली तर ३० दिवसांचा व्हिसा पुरत नाही हे लगेच लक्षात येते, तरीही तो घेऊन आलेली जोडपी मी पाहिली आहेत. अशा वेळी एक वर्षाचा व्हिसा घ्यावा.

गावातच कायम किंवा दीर्घकाळ राहायचे असेल तर पर्यटक व्हिसावर ये-जा करत राहणे हा उपाय नव्हे. त्यासाठी भारतीय दूतावासातून जोडीदारासाठीचा एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स प्रकारचा व्हिसा, घ्यावा. त्याला विवाह प्रमाणपत्र आणि भारतीय जोडीदाराची कागदपत्रे लागतात, आणि १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचे असल्यास आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. विवाह परदेशात झाला असेल तर तेथील प्रमाणपत्राला त्या त्या देशाच्या रीतीप्रमाणे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तेथील सरकारचा दाखला) किंवा दूतावासाचे प्रमाणीकरण करून आणावे.

ओसीआय कार्डासाठी नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७ए नुसार विवाहाची नोंदणी झालेली असावी लागते आणि अर्जापूर्वी तो विवाह सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. व्यक्ती स्वतः किंवा तिचे आई-वडील अथवा आजी-आजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील, तर हे कार्ड मिळत नाही. मंदिरात किंवा विहारात झालेल्या लग्नाचे फोटो आणि पत्रिका येथे नोंदणीच्या जागी चालत नाहीत. आम्ही लग्नानंतर चौदा महिन्यांनी नोंदणी केली, त्या चौदा महिन्यांचा कागद आमच्याकडे नाही, आणि म्हणून आईचा लाल गोल आणखी दोन वर्षे कालनिर्णयावर राहिला.